थुंकणार नाही म्हणजे नाही!

सिमालोईला वाटलं होतं, आपण दूरच्या शहरातून शिकून परतलो, मुलींच्या शाळेचं नाव काढलं की मसाई गुराख्यांचं सगळं गाव टाळ्या वाजवेल. प्रत्यक्षात वाजल्या त्या फक्त गाईंच्या गळ्यातल्या घंटा! माणसं गप्प. बाभळीला टेकवलेला कोरा करकरीत फळाही गप्प. आणि समोर लाल शाल पांघरून बसलेले गावप्रमुख ओले सेंदेऊ मान हलवत होते. आडवी!

“थुंकणार नाही,” ते म्हणाले. “थुंकणार नाही म्हणजे नाही!”

आपल्याकडे कुणी अंगावर थुंकलं तर मारामारी होते. मसाईंमध्ये वडीलधाऱ्यांच्या थुंकीचा हलका शिडकावा म्हणजे आशीर्वाद! बाळ जन्मो, नवरी निघो, नवं घर उभं राहो. ओले सेंदेऊ ज्याचं त्याचं नाव घेऊन थुंकले की काम सुरू. नाही थुंकले की सगळं ठप्प!

“पण का, आजोबा?” सिमालोई कळवळून म्हणाली.

“मुली शाळेत बसल्या तर वासरं कोण राखणार? तू?”

“राखेन की!”

“तू? काल तुला बघून माझी शेळी पळाली, ती अजून परत यायचीय!”

गाव खो-खो हसलं. म्हाताऱ्याला चेव चढला. “ऐका सगळे! माझ्या ह्या तोंडून शाळेला आशीर्वाद मिळवून दाखवा, माझी ठिपक्यांची गाय बक्षीस! मात्र मी धड जागा असताना हं! झोपेतलं, शिंकेतलं, खोकल्यातलं धरणार नाही!”

गर्दीत नाइसुला उभी होती. तिच्या बापाने तिचं लग्न ठरवत आणलं होतं, आणि नवरा बापापेक्षा थोराड होता. तिने बापाचा हात ओढला. “बाबा, शाळा झाली तर मी शिकायचं. नक्की ना?”

“झाली तर शीक,” बाप म्हणाला. “पण म्हातारा थुंकायला हवा!”

नाइसुला रात्रभर कुशीवर कुशी बदलत राहिली. दुसऱ्या संध्याकाळी, गुरं परतल्यावर, ती एका गुबगुबीत कालवडीला दोरीने घेऊन प्रमुखांसमोर हजर!

“आजोबा, ही उद्या पहिल्यांदा कुंपणाबाहेर चरायला जाणार. आशीर्वाद द्या.”

ह्या गावात आशीर्वादाशिवाय वासरू बाहेर पडत नसे. आणि वासरू दिसलं की म्हातारा लोण्यासारखा विरघळे. “अगं माझी सोनी! कुणाची ही?”

“आमची. मी राखते, म्हणून रीतीप्रमाणे नावही मीच ठेवलं.”

“छान! काय नाव?”

“शाळा!”

बायका शालीआड खिदळल्या. सिमालोई डोळे विस्फारून पुढे आली. म्हातारा ताडकन उठला.

“हे काय नाव झालं?”

“तुमच्या गाईचं नाव मेघगर्जना आहे, आजोबा. ती कधी गरजली?”

“बदल ते नाव!”

“आता कसं बदलू? ओळखते ती. शाळा, ये!” कालवड तुरुतुरु आली आणि नाइसुलाचा हात चाटू लागली.

“मी थुंकणार नाही!”

“राहू द्या मग,” नाइसुला शांतपणे म्हणाली. “उद्या तशीच जाईल बिचारी. रानात तरसं आहेतच. कुणी विचारलं तर सांगेन, ओले सेंदेऊंनी वासराला नाही म्हटलं.”

माणसांना म्हाताऱ्याने आयुष्यभर नाही म्हटलं होतं. गाईगुरांना कधीच नाही! त्याने कालवडीकडे पाहिलं. कालवडीने त्याच्याकडे पाहिलं. “हंम्मा!”

“धर तिला!” म्हातारा ओरडला. आणि एकदा सुरू झाल्यावर तो थांबतोय कसला? “शाळा वाढो! शाळा धष्टपुष्ट होवो! शाळेच्या वाटेत कुणी आडवं न येवो! शाळेच्या पोटी शाळाच शाळा होवोत!” थू: थू: थू:!

“झाला! शाळेला आशीर्वाद झाला!” नाइसुलाने उडीच मारली.

“हट्! मी वासराला दिला!”

“वासरू हा शब्द एकदा तरी उच्चारलात?”

म्हाताऱ्याने आपल्या बायकोकडे पाहिलं. ती तोंडावर हात दाबून म्हणाली, “नाही हो उच्चारलात!”

“पण माझ्या मनात वासरूच होतं!”

“मग थुंकी परत घ्या, आजोबा,” नाइसुला हात जोडून म्हणाली. “आम्ही थांबतो!”

म्हाताऱ्याने कालवडीच्या ओल्या पाठीकडे पाहिलं. मग पोटातून असं हसू उसळलं की शाल गळून पडली, काठी एकीकडे, म्हातारा एकीकडे! डोळे पुसत तो म्हणाला, “घेऊन जा ठिपक्यांची गाय! आणि तुझ्या बापाला सांग, तू स्वतः येऊन मागेपर्यंत तुझ्या लग्नावर मी थुंकणार नाही. थुंकणार नाही म्हणजे नाही!”

सिमालोईने नाइसुलाला उचलून गरागरा फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाभळीखाली वाट पाहत बसली. एकही मुलगी येईना! आशीर्वाद मिळाला तरी वासरांना भूक लागायचीच. सगळ्याजणी त्यांच्यामागे गेल्या होत्या. लांब धुरळ्यातून नाइसुलाची हाक आली, “शाळा, इकडे! शाळा, पळू नकोस!”

“शाळा तर तिकडे पोचली,” सिमालोई स्वतःशीच म्हणाली, “मग मी इथे काय करतेय?”

तिने तिथल्या तिथे ठरवलं, वासरं जिथे चरतील तिथेच शाळा भरवायची. तिने फळा डोक्यावर घेतला आणि धावत सुटली.