मेणाचा पडदा उतरवल्यावर

त्या राज्यात सगळे काही मधावर चालत असे. उडायचे तर मध लागे, चालायचे तर मध लागे, नुसते उभे राहायचे म्हटले तरी थोडा मध खर्ची पडे. आणि मध देणारी फुले वर्षातून एकदाच फुलत. फुले सरली की पुढच्या बहरापर्यंत साठवलेल्या मधावर दिवस काढायचे, एवढाच तेथला मूळ कायदा होता. बाकीचे कायदे माश्यांनी मागाहून केलेले होते.

एका प्रचंड झाडाच्या पोकळीत त्या राज्यातले सर्वांत मोठे मोहोळ होते. ते नुसते राहण्याचे मोहोळ नव्हते, ती पेठ होती. दूरदूरचे भुंगे, भुंगेरे आणि गांधीलमाश्या तेथे मध आणि मेण घ्यायला येत, बदल्यात डिंक आणि पराग ठेवून जात. दारातून शिरताच मोठे दालन लागे. हे दालन गार असलेच पाहिजे, असा दंडक होता. उन्हातून आलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगावर शिरशिरी आली की त्याला वाटे, घर संपन्न दिसते. मग तो घासाघीस कमी करी. या गारव्यासाठी माश्यांची एक फळी दालनात उभी असे. त्या भिंतीवर पाण्याचे थेंब पसरत आणि पंखांनी वारा घालत. त्यांना वारेवाल्या म्हणत.

दालनाच्या पाठीमागे बाळघर होते. तेथे मेणाच्या बंद खोल्यांत उद्याच्या माश्या झोपलेल्या असत आणि त्यांना ऊब लागे. ते काम दुसऱ्या फळीचे होते. या माश्या खोल्यांच्या झाकणांवर पोट टेकून बसत, पंख मिटून घेत आणि छाती आतल्या आत थरथरवत, म्हणजे अंग तापे. त्यांना ऊबवाल्या म्हणत. दोन्ही कामांना मध लागे, पण बेताचा. कारण दालन आणि बाळघर यांच्यामध्ये मेणाचा एक पातळ पडदा होता. गारवा अलीकडे राही, ऊब पलीकडे. त्या पडद्याकडे कुणी वळूनही पाहत नसे.

मोहोळाचा कारभार थोरली पाही. राणी अंडी घालण्यात गढलेली असल्यामुळे तिला पेठेची वार्ता नसे. थोरली हुशार होती, आणि पुष्कळ हुशारांचे होते तसे तिला सतत काहीतरी सुधारावेसे वाटे. एकदा एक श्रीमंत भुंगा दालनात उभा राहून म्हणाला, "बाई, पेठ नावाजलेली खरी तुमची, पण मध कुठं दिसत नाही. पडद्यामागं भरलेलं आहे की रिकामं, आम्ही काय समजायचं?"

हे थोरलीच्या जिव्हारी लागले. तिने पडदा उतरवला. बाळघराच्या मागे मधाच्या भरलेल्या ओळी सोनेरी चकाकत होत्या, त्या आता थेट दारातून दिसू लागल्या. भुंग्याने तेथल्या तेथे दुप्पट सौदा केला. थोरलीचा जयजयकार झाला. उतरवलेल्या पडद्याचे मेण मऊ करून दाराला सुरेख महिरप केली, आणि लोक महिरप पाहायला म्हणूनही येऊ लागले.

त्या दिवसापासून बाळघरात गार झुळूक शिरू लागली. ऊबवाल्यांना वाटले, ऋतू पालटला. त्या जोराने थरथरू लागल्या आणि थोडा जास्त मध खाऊ लागल्या. इकडे दालनात पाठीमागून गरम लोट येऊ लागले. वारेवाल्यांना वाटले, बाहेर ऊन वाढले. त्यांनी पंखांचा वेग वाढवला आणि त्याही थोडा जास्त मध खाऊ लागल्या. वारा वाढला म्हणून ऊब वाढवावी लागली, ऊब वाढली म्हणून वारा. दोन्ही फळ्यांमध्ये दालनाएवढेच अंतर होते, पण दोघींची तोंडे विरुद्ध दिशांना होती, आणि काम करताना मागे वळून पाहणे आळशीपणाचे समजले जाई.

मधाच्या ओळी खालून रित्या होऊ लागल्या. पडदा नसल्यामुळे ते सगळ्यांनाच दिसत होते. बहर अजून लांब होता, आणि मोहोळात भीती शिरली.

पहिल्यांदा भीतीने चोराचे रूप घेतले. रात्रंदिवस पहारे बसले. पहारेकऱ्यांनाही मध लागतो, हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आले नाही. एके दिवशी तो श्रीमंत भुंगा सौदा करून दाराबाहेर पडत होता. त्याच्या सोंडेला मध लागलेला होता. तो त्याने रीतसर मोबदला देऊन घेतलेला होता आणि तो तसे ओरडून सांगतही होता. पण ऐकायला कुणाला उसंत नव्हती. महिरपीखालीच त्याला नांग्या मारून मारला. त्यानंतर पेठेत येणारे व्यापारी दबकून येऊ लागले, आणि मध तसाच कमी होत राहिला.

मग भीतीने आळशाचे रूप घेतले. चोर बाहेरचा नसेल तर आतला असणार. जी खाते आणि काम करीत नाही, तीच चोर. हा तर्क सगळ्यांना पटला, कारण प्रत्येकीला वाटले की आपल्या शेजारणीबद्दल चालले आहे. तपासनीस नेमले गेले. त्यांची रीत साधी होती. ऊबवालीच्या पाठीवर मिशा टेकवायच्या. पाठ कढत लागली तर ठीक. वारेवालीचे पंख पाहायचे. ते दिसेनासे होण्याइतके फिरत असले तर ठीक. ज्या कमी पडतील त्यांना महिरपीखालून बाहेर लोटून द्यायचे, आणि त्यांना परत आत घ्यायचे नाही. हवा कशी आहे, हे कुणी विचारीत नव्हते. हवेला मिशा टेकवता येत नाहीत, पाठीला येतात.

लोटून दिलेल्या माश्या थोडा वेळ दाराशी घिरट्या घालत, ओळखीच्या नावांनी हाका मारत. आतल्या त्या हाका ऐकत आणि आणखी जोराने काम करत. सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. काहीजणी झोपेतही थरथरत असत.

कुसरी नावाची एक ऊबवाली बाळघराच्या अगदी कडेच्या, दालनाकडच्या ओळीवर बसे. त्या ओळीतल्या खोल्या तिच्या जिवाचा तुकडा होत्या. त्या झाकणांखाली कोण आहे हे तिने पाहिलेले नव्हते, पण ती पोट टेकून बसली की खालून बारीकशी हालचाल लागे, आणि तेवढ्यावर तिचा दिवस जाई. बहर येईपर्यंत मध पुरला नाही, तर ही मुले बाहेर येऊन खाणार काय, या एका विचाराने तिला ग्रासले होते. तिची बहीण झेली वारेवाली होती. दोघी शेजारशेजारच्या खोल्यांतून एकाच दिवशी बाहेर आल्या होत्या. पुढे एकीला आत नेमले, एकीला दालनात, आणि आताशा भेट व्हायची ती मध खायला रांगेत उभे राहिल्यावर.

अशाच एका रांगेत झेली म्हणाली, "पाठ नुसती भाजून निघतेय गं माझी. बाहेर काय आग लागलीय का काय?"

"भाजतेय?" कुसरी म्हणाली. "आम्ही तर गारठून गेलोय. पोरं उबवायची कशी, तेच कळेना."

"गारठताय? मग हे लोट येतात कुठून?"

"आणि हा गार वारा येतो कुठून?"

झेलीला आधी कळले. तिच्या मिशा ताठ झाल्या.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "मी तुझ्याशी भांडतेय."

"गप्प," कुसरी म्हणाली. "हे परत तोंडातून काढू नकोस."

इतकी साधी गोष्ट कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. पण कुसरीला धडकी भरली. चोर बाहेरचा असता तर त्याला मारता आले असते. आळशी असती तर तिला लोटता आले असते. येथे तर जी जास्त कष्ट करील तीच जास्त नुकसान करीत होती, आणि कमी कष्ट करील तिला दाराबाहेर मरण होते.

तरी दोघींनी धीर केला. तपासनीस दुसऱ्या टोकाला असले की कुसरीने पुढचा डावा पाय उचलायचा. तो दिसला की झेलीने पंख मिटायचे आणि त्याच क्षणी कुसरीने थरथर थांबवायची. तपासनीस वळले की उजवा पाय उचलायचा, म्हणजे दोघी पुन्हा कामाला लागतील. त्यासाठी झेली वळून उभी राहू लागली. कुणी विचारलेच तर पंखांना आराम म्हणून बाजू बदलली, असे सांगायचे ठरले.

पहिल्यांदा दोघी अगदी थोडाच वेळ थांबल्या. काहीच बिघडले नाही. त्यांच्यामधली हवा हळूहळू निवळली. झेलीच्या पाठीची आग शमली. कुसरीच्या खालच्या खोल्या गार पडल्या नाहीत. उलट आतली हालचाल शांत, झोपेतल्यासारखी लागू लागली. दोघींची भूक निम्म्यावर आली. शेजारच्या काहीजणींना फरक जाणवला आणि काही न विचारता त्याही दोघींबरोबर थांबू लागल्या. त्या कोपऱ्यात कितीतरी दिवसांनी सुख वाटले. दालनातून जाणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाने गारवा कमी झाल्याची तक्रार केली नाही.

सुखाने धिटाई येते. कुसरी थोरलीकडे गेली.

"थोरल्या बाई," ती म्हणाली, "मधला पडदा परत लावला तर बरं होईल. महिरपीचं मेण पुरेल त्याला."

थोरलीने महिरपीकडे एकदा पाहिले. मग तिने विचारले, "का म्हणतेस असं?"

कुसरीने सांगितले. झेलीचे नाव मात्र घेतले नाही.

"तुला काय वाटतं, मला हे ठाऊक नाही?" थोरली म्हणाली, आणि कुसरीच्या ध्यानात आले की तिचेही अंग थरथरत आहे, ऊबवाली नसताना. "पडदा परत लावायचा म्हणजे तो काढायला नको होता, असं म्हणायचं. तो भुंगा मग कशासाठी मेला? ज्यांना बाहेर लोटलं त्या कशासाठी? त्यांच्या बहिणी आत आहेत, बाई. त्या मला विचारतील." ती जवळ सरकली. "तुझी ओळ चांगली आहे म्हणतात. तिकडं जा. मी काही ऐकलेलं नाही."

कुसरी परतली तेव्हा तिला हायसे वाटले होते. शिक्षा तर झाली नव्हती. पण थोरलीने ऐकलेले होते, आणि ते ऐकणे तिला झोपू देईना. दुसऱ्या दिवशी थोरलीने तपासणीची रीत बदलली. तपासनीस आता एका टोकाकडून येत नसत, ते वाटेल तेथून अचानक उगवत.

त्या दिवशी कोपरा थांबलेला होता. कुसरीचे डोळे नुकतेच जड झाले होते. तपासनीस वरच्या ओळीतून उतरले, ते थेट तिच्या समोर. तिने छाती थरथरवायला सुरुवात केली. शेजारणींनीही केली. उजवा पाय उचलायचा राहिला होता. दालनात झेली पंख मिटून उभी होती आणि विश्वासाने बहिणीच्या पायाकडे पाहत होती. पण तपासनिसाच्या मिशा कुसरीच्या पाठीवर होत्या, त्याचे डोळे तिच्या पायांवर होते, आणि झाकणाखाली मुले हलत होती. एक पाय उचलायचा होता. कुसरीने तो उचलला नाही.

झेलीला नेताना तिने आरडाओरडा केला नाही. तिने फक्त एकदा मागे पाहिले. बाहेरून नंतर तिची हाकही आली नाही, आणि हे कुसरीला हाकेपेक्षा जड गेले. ती रडली असती, पण रडताना अंग थांबते. ती थरथरत राहिली. आता तिच्या पाठीला मिशा लागल्या की तपासनीस दचकून मिशा मागे घेत, इतकी ती तापलेली असे. तिचे नाव आदर्श म्हणून घेतले जाऊ लागले. समोरच्या वारेवाल्यांना तिचा लोट असह्य होई, आणि त्या जिवाच्या आकांताने पंख मारत.

मग मध संपला. शेवटची ओळ रिती झाली, आणि पाहण्यासारखे काही उरले नाही म्हणून गिऱ्हाइके येईनाशी झाली. तपासनीस तपासता तपासता कोसळले. वारेवाल्या पंख पसरलेल्या अवस्थेतच दालनात खाली बसल्या. ऊबवाल्या झाकणांना चिकटून राहिल्या. थोरली महिरपीखाली पडलेली होती. तिने महिरपीचे थोडे मेण कुरतडून काढलेले होते, पण ते खाण्यासाठी की पडद्यासाठी, हे सांगायला कुणी नव्हते. कुसरी आपल्या ओळीवर आडवी झाली. तिला खालून हालचाल लागत होती. ती लागत असतानाच तिचे अंग निवत गेले.

मोहोळ शांत झाले. पहिल्यांदाच दालनात वारा नव्हता आणि बाळघरात कुणी तापत नव्हते. हवा दोन्हीकडे सारखी पसरली, सकाळच्या कोवळ्या उन्हासारखी, ना गार ना गरम. त्या हवेत कुसरीच्या ओळीतली झाकणे आतून कुरतडली गेली आणि एकामागून एक मुले बाहेर आली. ती ओलसर होती, फिकट होती, आणि धडधाकट होती. निपचित पडलेल्या माश्यांच्या अंगावरून चढत, रिकाम्या ओळींत तोंड घालून पाहत ती मोहोळभर हिंडली.

त्यांतली एक उजेडाच्या ओढीने दालनात गेली आणि ओले पंख वाळवण्यासाठी तिने ते जरासे हलवले. त्याची बारीक झुळूक मागे गेली. मागे बसलेल्या दुसरीच्या अंगावर काटा आला. तिने पोट मेणाला टेकवले, पंख मिटून घेतले आणि छाती हळूच थरथरवली. दालनातल्या पहिलीला पाठीवर कसलीशी धग लागली. तिने मागे वळून पाहिले नाही. तिचे पंख थोडे जोराने हलू लागले.