आक्कांचे निळे पाय

"आक्का, आपण पाय झाकून का ठेवता?"

"गारठतात रे."

हेरंबशास्त्र्याने लगेच वही काढली आणि लिहून घेतलं. पाय गारठतात म्हणजे साधकाची चाल थंडावते, असा काहीतरी अर्थ लावला. मला वाचूनही दाखवला. शिकलेला माणूस. सरळ बोललेलं त्याला कळत नाही.

मी मठातला बंब पेटवणारा. शाळा दुसरीपर्यंत. पण आक्कांच्या पायांचं मला ठाऊक होतं. त्यांना ल्युपस आहे. अंगातली राखणदारीच अंगावर उलटते, असं मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजेल अशा बोलीत सांगितलं होतं. सांधे सुजतात. गार लागलं की पायाची बोटं पांढरी पडतात, मग निळी. डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाला जखम होती, ती चार महिने भरत नव्हती.

"पाय ऊबदार ठेवा, पट्टी सुटू देऊ नका," बाई म्हणाल्या होत्या. "चिघळलं तर बोट काढावं लागेल."

म्हणून लोकरीचे मोजे. म्हणून माझं कोमट पाणी, रोज सकाळी, दाराशी.

हेरंब सहा वर्षं मठात होता. त्याला आक्कांचा अनुग्रह हवा होता. त्या कानात मंत्र सांगतील, मग तो खरा शिष्य. आक्का म्हणायच्या, "थांब अजून."

"माझ्यात काय कमी आहे?" त्याने एकदा सगळ्यांसमोर विचारलं.

आक्का मोजा वर ओढत बसल्या...

दत्तजयंतीला त्याने आक्कांची पाद्यपूजा ठरवली. डोंगरावर मार्गशीर्षातली थंडी. तोंडातून वाफ निघत होती.

"गरम पाणी घे रे," आक्का म्हणाल्या.

"समजलं, आक्का. गरम म्हणजे तळमळीचं."

आणि झऱ्यावरून घागर भरून आणली. बंबातलं पाणी पूजेला चालत नाही म्हणे. चौरंगावर आक्कांना बसवलं. मोजे काढले. पट्टीही सोडली.

"शास्त्रीबुवा, पट्टी राहू द्या!" मी ओरडलो.

"तात्या, तुम्ही बंबाचं बघा."

लोक हसले. आक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सांगून सांगून माणूस थकतं.

पाणी पडलं. बोटं पांढरीफटक झाली. मग निळी पडली, पार जांभळ्याकडे झुकलेली.

"निळे चरण!" कुणीतरी किंचाळलं. "देवाचा रंग उतरला!"

झालं. रांग लागली. दीडशे कपाळं त्या पायांवर टेकली. एखादं जरा जोरात आदळलं की आक्कांचा हात चौरंगाची कड घट्ट धरायचा. लोकांनी नवस बोलले, पोरींची लग्नं मागितली, सांडलेलं पाणी तीर्थ म्हणून बाटल्यांत भरलं. एकानेही वर तोंडाकडे पाहिलं नाही.

दुपारी मंडळी पंगतीला बसली. आक्का आपल्या खोलीत एकट्या. मी घंगाळ घेऊन गेलो, तर हेरंब आधीच आत. छाती काढून उभा.

"आक्का, आज आपलं सगळ्यांनी दर्शन घेतलं. ते मी घडवलं. आता तरी अनुग्रह द्या."

आक्कांनी पाय पुढे केला.

"धर."

तो डोकं टेकायला वाकला.

"डोकं नको. हातात धर."

त्याने धरला.

"काय लागतंय?"

"चैतन्य."

आक्कांनी नाही म्हणून मान हलवली.

"...शांती?"

"धरून ठेव."

वेळ गेला. बाहेर वाढपी "आमटी, आमटी" करत फिरत होता.

"गार आहे," हेरंब म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "फार गार आहे, आक्का."

"सोडू नको."

त्याने खाली बसकण मारली. खांद्यावरचं उपरणं काढून पायाला गुंडाळलं. दुसरा पायही मांडीवर घेतला. वही खिशातून घसरून पडली, ती त्याने उचलली नाही.

हळूहळू निळं ओसरलं. बोटं लाल होऊ लागली. रक्त परत येताना आणखी कळा येतात. आक्कांनी ओठ दाबून धरले, तरी डोळ्यांतून पाणी आलंच.

हेरंबाने स्वतःचा हात पाहिला. त्याला रक्त लागलं होतं. जखम उघडली होती. दीडशे कपाळांत सगळ्यात पहिलं त्याचंच टेकलं होतं... तो हाताकडे बघत राहिला.

मग त्याने वर पाहिलं. तोंडाकडे.

"आक्का... दुखतं का?"

मी दारात उभा. हातात कोमट पाणी. अकरा वर्षं ते दाराशी ठेवत आलो आणि पाठ फिरवून निघून गेलो. मीसुद्धा हे कधी विचारलं नव्हतं.

आक्कांनी पदराने डोळे टिपले.

"परत विचार," त्या म्हणाल्या.