महाराजांच्या मोटारीचा अलार्म

मोटारीचा भोंगा चोरीला गेला, त्या दिवसापासून शेवंताच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. भोंगा काही तिचा नव्हता. मोटार महाराजांची. पण ती चालवायचा तिचा नवरा रंगनाथ, आणि महाराज त्याच्यावर गरजले होते, "पौर्णिमेच्या आत मोटारीला अलार्म बसव! नाहीतर नोकरीही सोड आणि राहती खोलीही!"

बरं, अलार्म तरी साधा असावा! धामणखेडचे यशोजीराव महाराज म्हणजे हट्टाला पेटले की देवालाही घाम फोडतील. ते म्हणाले, "एका टायरहून महाग नको. चोराने हात लावला की गावभर ऐकू गेलं पाहिजे. मांजर बसलं, वारा सुटला, तर चकार शब्द नको. आणि चोर कोण, मालक कोण, हे त्याचं त्याला कळलं पाहिजे!"

"सरकार, असा अलार्म विलायतेतसुद्धा नसेल," रंगनाथ चाचरत म्हणाला.

"मग धामणखेडात शोध!"

रात्री मोटार कुलपात असे. चोऱ्या व्हायच्या त्या दिवसाढवळ्या, राजवाड्याच्या फाटकापाशी. रंगनाथने आधी मुंबईचा एक एजंट बोलावला. त्याची विजेची घंटा चिमणी बसली तरी ठणाणा करी, संध्याकाळपर्यंत बॅटरी बसली, आणि किंमत ऐकून रंगनाथच खाली बसला. मग बैलाची घुंगरमाळ बांधून पाहिली. स्वस्त खरी, पण झुळूक आली की खुळखुळ! दुपारी पहारेकरी कंटाळून तिकडे बघेनासाच झाला. शेवटी कुत्रा आणला. त्याने भाकरीच्या तुकड्यावर अख्ख्या गावाशी मैत्री केली.

"अगं, सामान बांधायला घे," रंगनाथ घरी येऊन म्हणाला.

शेवंताने सामानाकडे पाहिलं, मग लेकीकडे. अडीच वर्षांची बकुळा उंबऱ्याशी आपली फुटकी परडी घेऊन बसली होती. शेजारच्या यमुनाकाकू आल्या आणि वाटेतली परडी त्यांनी सहज बाजूला सरकवली.

"माझीऽऽऽ!"

काकूंच्या हातातला तांब्या पडला. गल्लीतली माणसं दारात आली. कोणीतरी विचारलं, "काय झालं? साप निघाला?"

"काय बाई हा आवाज! जरा वळण लावा पोरीला!" काकू म्हणाल्या.

शेवंता शरमेने लाल झाली. रोजचंच होतं हे. आपलं आई म्हणून नेमकं काय चुकतंय, हा हिशेब तिला सुटत नव्हता. चार इयत्ता शिकली होती, पण त्यात हा धडा कुठे नव्हता. तेवढ्यात मांजर येऊन त्याच परडीत वेटोळं करून झोपलं. बकुळा हूं की चूं न करता त्याच्या पाठीवर हात फिरवू लागली.

शेवंता बघतच राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "अलार्म घरातच आहे की!"

दुसऱ्या दिवशी ती लेकीला कडेवर घेऊन फाटकापाशी, मोटारीजवळ महाराजांपुढे उभी राहिली.

"महाराज, अलार्म आणलाय. फक्त एकदा आपल्या तोंडाने म्हणा, 'बकुळा, ही मोटार तुझी.'"

"एवढंच? तोंडाने द्यायला काय जातंय!" महाराज मिश्या कुरवाळत हसले. "बकुळा, ही मोटार तुझी!"

बकुळाने मोटारीला प्रदक्षिणा घातली आणि तिच्याच पायरीवर ठाण मांडलं. महाराजांनी दिवाणजींच्या कानात काहीतरी सांगितलं. वारा आला, गेला. चिमणी बसली, उडाली. बकुळा गप्प. मग दिवाणजी हातात पाना लपवून आले आणि इकडेतिकडे बघत त्यांनी मोटारीच्या दिव्याला हात लावला.

"माझीऽऽऽ! माझी मोटाऽऽर!"

पागेतले घोडे उधळले. पहारेकरी, स्वयंपाकी, बाजारातले भाजीवाले, सगळे धावत आले. बकुळाने दिवाणजींचं धोतर दोन्ही मुठींनी धरून ठेवलं होतं.

"सोडव गं हिला, बाई!" दिवाणजी एका हाताने धोतर सावरत ओरडले. "मी आपला दिवा पुसत होतो!"

"पान्याने?" शेवंताने विचारलं.

गर्दीत खसखस पिकली. महाराज खूश झाले. "वा! बिनपैशाचा अलार्म!" असं म्हणत त्यांनी ऐटीत मोटारीचं दार उघडलं.

"माझीऽऽऽ!"

महाराज दचकून मागे सरले. फेटा डोळ्यांवर आला. रंगनाथने डोळे मिटून घेतले.

"मालकावर ओरडते?" महाराज कडाडले. "आमची शेवटची अट काय होती? चोर कोण, मालक कोण, कळलं पाहिजे! अलार्म नापास! रंगनाथ, खोली रिकामी कर!"

आपणच अगोचरपणा केला, गप्प बसायला हवं होतं, असं शेवंताच्या मनात येतंय तोवर तोंड बोलूनही गेलं, "महाराज, तिला बरोबर कळलंय! मोटार आपणच तिला दिलीत, सगळ्यांसमोर. आता दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावणाऱ्याला काय म्हणतात, ते मी कशाला सांगू? चोर कधी विचारत नाही, महाराज. आपण विचारून तर बघा!"

महाराजांनी जन्मात कोणाला काही विचारलं नव्हतं. मग मिशी थरथरली, पोट हललं, आणि ते असे खदाखदा हसले की फेटा पुरताच सुटला.

"आमच्याच तोंडाने आम्हाला चोर ठरवलंस, पोरी! रंगनाथची नोकरी पक्की! त्यांना आणखी एक खोली द्या, दिवाणजी. आणि या राखणदारीणबाईंना रोज खडीसाखर!"

"रात्री झोपते ना ही?" दिवाणजींनी धोतर खोचत विचारलं.

"झोपली असती तर काय हवं होतं!" शेवंता म्हणाली.

महाराज सुटलेला फेटा काखेत घेऊन वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी परवानगी मागितली, "बकुळाबाई, आम्ही मोटारीत बसू का?"

बकुळाने त्यांना वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. नजर त्यांच्या जरीच्या जोड्यांवर येऊन थांबली.

"पाय धुतलेस?"