तीन गैरहजर

सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका मानवी हक्क मंडळाचे अध्यक्ष होते दादासाहेब राजोपाध्ये. संचालिका रझिया मुजावर यांनी दादासाहेबांच्या सख्ख्या मेहुण्याविरुद्धची तक्रार दाखल करून घेतली आणि साहेबांनी त्यांना काढायचंच ठरवलं. नियमाप्रमाणे त्यासाठी हजर सभासदांचं एकमत लागे. सभेत साहेब धरून सहा जण काढण्याच्या बाजूने होते, पण तिघे विरोधात ठाम राहिले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी इतिवृत्त लिहिणाऱ्या कुंदाताईंना बोलावलं.

"त्या तिघांना गैरहजर दाखवा. झालं एकमत!"

"दाखवते, साहेब. पण मग हजर सहाच उरतात. कोरम सातांचा आहे. म्हणजे कालची सभा झालीच नाही."

"नाही तर नाही! मी पुन्हा बोलावतो."

"तुम्ही कसे बोलावणार? तुमची मुदत वाढवायचा ठराव त्याच सभेत झाला ना! सभा नाही, तर तुमची मुदत कालच संपली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बरं, लिहा तिघांचा विरोध. राहू दे त्या बाईला."

"लिहिलाय, साहेब," वही पुढे सरकवत कुंदाताई म्हणाल्या. "फक्त तुमची सही राहिली आहे."