वाटेवर विणलेले पांघरूण

फार वर्षांपूर्वी, डोंगरातल्या वाटा माणसांपेक्षा मेंढ्यांना अधिक ठाऊक होत्या, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी विसरली असल्यास पुन्हा ऐकावी.

डोंगराच्या उतारावर मेंढपाळांचे एक गाव होते. त्या गावात माग नव्हता. टोकाला आकडा असलेली क्रोशाची लहानशी सुई प्रत्येकाच्या कमरेला खोचलेली असे, आणि गावाचे सारे विणकाम तिच्यावरच चाले. गावाची एक रीत होती. सासरी गेलेल्या लेकीला पहिले मूल व्हायचे असले की प्रत्येक घराने लोकरीचा एक चौकोन विणायचा. गावातल्या सर्वांत कसबी हाताने ते सारे चौकोन जोडायचे, आणि ते पांघरूण लेकीला भेट म्हणून पाठवायचे.

त्या वर्षी जोडण्याचा मान एका तरुणीला मिळाला. तिचा टाका इतका सारखा पडे की विणकामाची सुलट बाजू कोणती आणि उलट कोणती, हे पाहणाऱ्याला कळत नसे. आणि पांघरूण ज्या लेकीसाठी होते, ती तिचीच धाकटी बहीण होती. आई लवकर गेल्यामुळे या थोरलीनेच तिला वाढवले होते.

धाकटीचे सासर खिंडीपलीकडच्या खोऱ्यात होते. तेथे मेंढ्या नव्हत्या. माणसे भाताचा पेंढा अंथरत, फाटकी कापडे पांघरत आणि कसाबसा हिवाळा काढत. पाठवणीच्या वेळी थोरली तिला म्हणाली होती, “तुझ्या बाळाची पहिली थंडी माझ्या पांघरुणात जाईल. हा माझा शब्द.”

पावसाळा सरला आणि एका मीठ विकणाऱ्याबरोबर धाकटीचा निरोप आला. “अक्काला सांगा, बाळ थंडीच्या तोंडावर येईल. इथली माणसे मायाळू आहेत. पण माझ्या ओळखीचे इथे काहीच नाही.”

बर्फ पडले की खिंड बंद होई, ती थेट वसंतात उघडे. म्हणून गाव लगेच कामाला लागले. एका म्हाताऱ्या एडक्याची लोकर सर्वांत उबदार होती. ती कातरून घरोघर वाटण्यात आली. थोड्याच दिवसांत थोरलीच्या ओसरीवर चौकोनांची रास जमली.

थोरलीने एकेक चौकोन उचलला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. कुंभारीण आजीचा चौकोन इतका घट्ट होता की तो वाकतच नव्हता. मेंढपाळ आबांच्या चौकोनात प्रत्येक ओळीत एक टाका गळालेला होता, कारण ते विणताना मेंढ्यांशी बोलत. सुताराच्या काकूंचा चौकोन चौकोनच नव्हता. त्याची एक बाजू लांब निघाली होती.

“असले वाकडेतिकडे माझ्या बहिणीला पाठवू?” ती स्वतःशी म्हणाली. मग तिने असे काही केले, जे त्या गावात पूर्वी कोणी केले नव्हते. तिने दार लोटून घेतले, प्रत्येक चौकोनाचा धागा ओढला आणि सारे विणकाम उसवून टाकले. त्याच लोकरीने तिने पहिल्यापासून एकटीने विणायला घेतले.

तिचा हेतू वाईट नव्हता. पण काळजी वाढली की हाताची ओढ बदलते. काळजीने टाका आवळला जाई, तो तिला दिसे, ती उसवी. पुन्हा विणी, पुन्हा उसवी. गाव विचारी, “कुठवर आले गं पांघरूण?” ती म्हणे, “होत आले.”

हे सारे पाहणारा एकच जीव होता. तिच्या अंगणात बांधलेला, दाराच्या फटीतून आत पाहणारा तो एडका. एके दिवशी त्याला राहवले नाही.

“बाई, एक विचारू? मी लोकर दिली ती बाळाला ऊब मिळावी म्हणून, की तुझ्या डोळ्यांना समाधान मिळावे म्हणून?”

“चुकलेले विणकाम द्यायचे का बाळाला?”

“बाळ टाके मोजणार आहे?”

“तू आपले गवत खा.”

“खातो,” एडका म्हणाला. “पण अंगावर काही नसले की गवतसुद्धा गार लागते.”

थोरलीने त्याच्याकडे पाठ फिरवली. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोंगराकडे पाहिले, आणि शिखरावर पांढरी रेघ उमटलेली तिला दिसली. तिने घाईघाईने विणलेले सारे उचलले. ते एका उशीला पुरेल एवढेच होते. तिने ते उन्हासमोर धरले. त्यातून ऊन आरपार आले. दर उसवणीला लोकरीची थोडी लव उडून गेली होती; उरला होता तो झिजलेला, पातळ धागा. तिचे टाके निर्दोष होते, आणि त्यांत ऊब उरलेली नव्हती.

बाळाची पहिली थंडी आणि तिने दिलेला शब्द, दोन्ही तिच्या हातून निसटत होते. खोटे बोलून वेळ काढता आला असता. पण खोट्याने बाळाला झाकता आले नसते. तिने लोकरीचा गुंडा ओटीत घेतला आणि ती विहिरीवर गेली. तेथे सारा गाव पाण्याला आला होता.

“मी तुमचे चौकोन उसवले,” ती म्हणाली. “सगळे. ते मला वेडेवाकडे वाटले. आता पांघरूणही नाही आणि लोकरही धड राहिली नाही.”

कुंभारीण आजीने घागर खाली ठेवली.

“माझा उसवलास?”

“हो, आजी.”

“नातीला मांडीवर घेऊन विणला होता मी तो. तुझी धाकटी याच मांडीवर खेळायची.”

थोरलीची मान खाली गेली. आजीचे डोळे भरले होते, पण तिने पदराने नाक पुसले आणि हात पुढे केला. “आण इकडे ती लोकर. रागवायला अख्खा हिवाळा पडला आहे, विणायला नाही.”

तिने धागा चिमटीत धरून पाहिला. “पातळ झाला खरा. दोन पदरांना एकत्र पीळ द्या, जाड होईल.”

“पण मग निम्माच भरेल,” सुताराच्या काकू म्हणाल्या.

“मग घरातले उरलेसुरले गुंडे आणा! लाल असो, काळा असो, लोकर आहे ना?”

“अहो, पण बसून विणायला वेळ कुठे आहे?” आबा शिखराकडे बोट दाखवत म्हणाले. “आज निघालो तरच खिंड मिळेल.”

तेव्हा थोरलीने मान वर केली. “सुईला बसावे कुठे लागते, आबा? माग असता तर बसावे लागले असते. आपण चालत विणू.”

विहिरीवर एकच गलबला उडाला, आणि जो तो लोकर आणायला घराकडे धावला.

त्या दिवशी डोंगराने पूर्वी कधी न पाहिलेले दृश्य पाहिले. सर्वांपुढे वाट दाखवणारा एडका, त्याच्यामागे सारा गाव, प्रत्येकाच्या काखेत लोकरीचा गुंडा आणि बोटांत नाचणारी सुई. एकेक चौकोन पुरा होई आणि हातोहात थोरलीकडे येई. ती चालता चालता तो जोडून घेई. पांघरूण वाढत गेले. ते जमिनीला लागू नये म्हणून चौघींनी त्याची टोके धरली. मग आठजणी धरू लागल्या.

“आबा, तुमचा टाका गळाला बघा!” काकू ओरडल्या.

“गळू दे! बाळाला श्वास घ्यायला फट नको?”

खिंडीत वारा सुयांसारखा टोचू लागला. थोरलीची बोटे बधिर झाली, आणि जोडताना तिच्याच हातून एक टाका चुकला. सवयीने तिची बोटे धाग्याच्या टोकाकडे गेली. पुढे चालणारा एडका थांबला आणि नुसता खाकरला. थोरली हसली. चुकलेला टाका तसाच ठेवून तिने पुढचा घातला, आणि ती खिंड ओलांडून गेली.

खोऱ्यातल्या लोकांनी उतारावरून रंगांचे काहीतरी लांबरुंद खाली येताना पाहिले आणि ते घराबाहेर धावले. शेवटची गाठ थोरलीने धाकटीच्या उंबरठ्यावर मारली.

आत धाकटी बाळाला छातीशी कवटाळून बसली होती. बाळ कालच जन्मले होते आणि गारठ्याने कुडकुडत होते. थोरलीने दोघांवर पांघरूण घातले. बाळाचे थरथरणे हळूहळू थांबले, आणि त्याच्या गालांवर रंग आला.

धाकटीचा हात चौकोनांवरून फिरू लागला. “हा लाकडासारखा टणक... कुंभारीण आजी!” ती उद्गारली. “हा गळका, आबांचा. अजून मेंढ्यांशी बोलता का हो? ही लांबलेली बाजू काकूंची.” बोलता बोलता ती रडू लागली, आणि रडता रडता हसू लागली. “अक्का, तू माझा सारा गाव आणलास गं!” मग तिचे बोट एका जोडावर थांबले. “आणि हा चुकलेला टाका कोणाचा?”

“माझा,” थोरली म्हणाली.

“तुझा? तुलाही चुकता येते?”

“आज शिकले,” थोरली म्हणाली. घर हशाने दुमदुमले; बाळ मात्र त्या गोंगाटात शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी गाव माघारी परतले, आणि त्यांच्या पाठोपाठ खिंड बर्फाने भरून गेली. त्या हिवाळ्यात खोऱ्यातले ते बाळ गुटगुटीत झाले. गावातही एक नवा नियम झाला, आणि तो थोरलीनेच केला: जोडणाऱ्याने जोडावे, दुसऱ्याचे विणलेले उसवू नये. तिच्या उशीएवढ्या निर्दोष तुकड्याला दोन पदरी धाग्याची रुंद किनार लावण्यात आली आणि तो एडक्याच्या पाठीवर बांधण्यात आला. स्वतःचीच लोकर भेट मिळालेला तो पहिला एडका होता, आणि ही गोष्ट तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

तात्पर्य: आपल्या माणसाला निर्दोष भेट नको असते, ती वेळेवर मिळावी आणि तिच्यात आपल्यांचे हात ओळखू यावेत, एवढेच त्याला हवे असते.