खालच्या ओळीतलं नाव

“...पण दोन बटणांचं काम आहे ना अण्णा, मग मी स्वतः चौकात कशाला जायचं?”

तेजसनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो कीबोर्डकडे वळला. फाइल उघडायची, नाव शोधायचं, खोडायचं, नवा फ्लेक्स छापायला टाकायचा. जुना उतरवायला काय, कुणीही गेलं असतं.

काशिनाथअण्णांनी हात लांबवून स्क्रीनच बंद केला.

फ्लेक्सचं ते दुकान अण्णांचं, आणि तेजस त्यांचा चेला. पहिल्या दिवशी अण्णांनी माउस काढून भिंतीवरच्या खिळ्याला टांगला होता. नुसत्या बटणांवर शीक, म्हणाले. कॉपी, पेस्ट, एक नाव शोधून त्या जागी दुसरं घालणं, सगळं बोटांवर चढवून घेतलं. पोरगं चलाख निघालं. वाढदिवस असो, सत्कार असो, गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत फलक तयार. लोक मागं उभे राहून त्याची बोटं बघायचे, आणि खोटं कशाला बोला, त्यालाही ते गोड लागायचं.

अण्णांचा एकच नियम त्याला पटत नसे. श्रद्धांजलीच्या फलकाला जुनी फाइल उघडायची नाही. रिकामं पान घ्यायचं आणि एकेक अक्षर टाइप करायचं. मयताला कोरं कापड लागतं, मग पानही कोरंच लागणार, असं अण्णांचं म्हणणं. म्हाताऱ्याचं खूळ, असं तेजस मित्रांत हसून सांगायचा.

नडलं ते तिथंच.

पोळ्याच्या सुमारास भूषण नावाचा पोरगा मोटरसायकलवरून पडून वारला. त्याचा फलक याच दुकानात झाला. वर भूषणचं नाव आणि फोटो, खाली शोकाकुल म्हणून त्याच्या मित्रांची नावं. आता त्याच मित्रांतला हर्षल कालव्यात बुडाला. तेजसनं भूषणची फाइल उघडली, वरचं नाव बदललं, फोटो बदलला, संपलं काम. गल्ली तीच, मित्र तेच. खालच्या ओळी वाचायची त्याला गरज वाटली नाही.

त्या ओळींत हर्षल होता. फलक चौकात लागला तेव्हा वर कैलासवासी हर्षल, आणि खाली शोक करणाऱ्यांतही हर्षल. मेलेला पोरगा स्वतःच्याच मरणाला रडायला उभा.

“लोक मारतील मला,” तेजस म्हणाला.

“मारतील कदाचित.” अण्णांनी पांढरी चिकटपट्टी आणि कात्री त्याच्या हातात दिली. “फलक किती उंच बांधलाय कुणास ठाऊक. शिडी घेऊन जा. ते नाव तुझ्या हातानं झाकून ये.”

चौकात त्याला कुणी मारलं नाही. दुपारचं ऊन होतं, माणूस दिसत नव्हतं. फलकाजवळ फक्त हर्षलची आई उभी होती. खालची ओळ तिच्या खांद्याच्या उंचीला आली होती, आणि तिनं त्यातल्या पोराच्या नावावर तळहात ठेवला होता.

तेजसनं शिडी टेकवली. मावशी, चुकलं माझं, आत्ता झाकतो, असं काहीबाही तो पुटपुटला. बाईनं हात काढला नाही.

“हे राहू दे,” ती म्हणाली. “इथं तो तुम्हा पोरांत आहे.”

तेजसनं शिडीवर ठेवलेला पाय खाली घेतला.

“शिडी आणलीस ना बाळा? मग वरचं झाक.”

...

तो दुकानात परतला तेव्हा चिकटपट्टी तशीच होती. झाकलंस का, अण्णांनी विचारलं. तेजसनं नाही म्हणून मान हलवली आणि बाई काय म्हणाली ते सांगितलं.

मग तो सवयीनं कीबोर्डसमोर जाऊन बसला. स्क्रीन काळाच होता. बोटं बटणांवर ठेवली, पण त्यातलं एकही दाबवेना. एवढी चालणारी बोटं, पण आता त्याची त्यालाच ती परकी वाटत होती.

“अण्णा... ह्याला काय करायचं?”

अण्णांनी तेजसच्या पुढ्यातली कात्री काढून घेतली, पट्टी काढून घेतली, शिडी उचलून भिंतीला लावून ठेवली.

“मला येत होती तेवढी सगळी बटणं मी तुला शिकवली, तेजस. ती बाई अजून उन्हात उभी असेल. आता मोकळ्या हातानं जा.”