बेचाळिसावी पायरी

“आणि बटणं कुठे आहेत?”

हत्तरगी सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. लॅपटॉपवर काळा पडदा होता, त्यात एक पांढरी खूण लुकलुकत होती. बाकी काही नाही.

“बटणं नाहीत, सर,” शिवलीलाअक्का म्हणाल्या. “इथं काय हवं ते लिहून सांगायचं.”

“आणि सांगण्यात चूक झाली तर?”

“तर ते तसं तोंडावर सांगतं.”

सरांना हे फारसं रुचलं नाही. तीस वर्षं प्राचार्य होते ते. तोंडावर सांगण्याचं काम आजवर त्यांचं होतं.

हिरण्यकेशी नदीच्या काठच्या या मठात येण्याआधी अक्कांनी बावीस वर्षं तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवला होता. मठातल्या पोथ्या टाइप करून झाल्या तशा त्यांनी त्या ‘गिट’मध्ये ठेवल्या. कुठला शब्द कुणी बदलला, कधी बदलला, आधी काय होता, हे सगळं सांभाळून ठेवणारं ते सॉफ्टवेअर. तेच शिकायला सर पेन ड्राइव्ह घेऊन आले होते.

पेन ड्राइव्हमध्ये त्यांचं पुस्तक होतं. तालुक्यातल्या तीनशे बारा विहिरींचा इतिहास. फायली मात्र एकोणीस होत्या. ‘विहिरी’, ‘विहिरी अंतिम’, ‘विहिरी अंतिम नवीन’, ‘विहिरी खरोखर अंतिम’...

“छापखानेवाला विचारतो, यातली कुठली छापू? मलाच सांगता येईना.”

अक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. टरफलं झटकून त्यांनी पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि लॅपटॉप सरांपुढे सरकवला.

“आधी नाव सांगा त्याला.”

सरांनी एका बोटानं टाइप केलं : प्राचार्य डॉ. महारुद्र शिवाप्पा हत्तरगी, एम.ए., एम.एड., पीएच.डी.

पडद्यावर इंग्रजीत तक्रार उमटली.

“अवतरणचिन्हांत घाला,” अक्का म्हणाल्या.

“मला?”

“नावाला.”

या वेळी नाव मान्य झालं. मग अक्कांनी दुसरी ओळ सांगितली, गिट इनिट, म्हणजे कामाला सुरुवात. सरांनी लिहिली. पडदा म्हणाला, रिकामं भांडार तयार झालं आहे.

“रिकामं?” सर उसळले. “आत एकोणीस फायली आहेत!”

“त्याच्या हवाली कुठं केल्यात अजून?”

अक्कांनी सगळ्यांत जुनी फाइल घ्यायला लावली. गिट ॲड, मग गिट कमिट. पहिली नोंद झाली. मग त्याच फाइलमध्ये सगळ्यांत नवा मजकूर ओतायला सांगितला.

“आता विचारा त्याला, फरक काय पडला. गिट डिफ.”

सर सरसावून बसले. “अकरा महिन्यांचं काम आहे हे, अक्का. पडदा पुरायचा नाही.”

पडद्यावर दोन ओळी लाल आल्या आणि दोन हिरव्या.

“लाल ते गेलं, हिरवं ते आलं,” अक्का म्हणाल्या.

पहिली लाल ओळ : ‘लेखक : म. शि. हत्तरगी आणि कल्लाप्पा वाघराळे’. तिच्याखाली हिरवी : ‘लेखक : म. शि. हत्तरगी’.

दुसरी लाल : ‘पायऱ्या बेचाळीस’. तिच्याखाली हिरवी : ‘पायऱ्या एक्केचाळीस’.

सर वाट पाहत राहिले...

“खाली?”

“खाली काही नाही.”

“असं कसं? अकरा महिने बसलोय मी यावर!”

“बसला होता खरं,” अक्का म्हणाल्या.

अक्कांनी लाल ओळीतल्या दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.

“वाघराळे कोण?”

“सरकारी मोजणीदार होता. विहिरीत दोर सोडायचा तो, आकडे लिहायचो मी.”

“तीनशे बारा वेळा?”

“तीनशे बारा वेळा... पण माणूस हेकट हो! देवळामागच्या विहिरीला म्हणे बेचाळीस पायऱ्या. मी स्वतः उतरून मोजल्या. एक्केचाळीस!”

“मग बेचाळिसावी?”

“पाण्याखाली आहे म्हणे.”

“तुम्ही पाण्यात उतरला होता?”

“मला पोहता येत नाही,” सर म्हणाले, आणि उगाच चष्मा काढून पुसू लागले.

अक्कांनी पुढची शेंग फोडली. तेच सरांना जड गेलं. बोलल्या असत्या तर वाद घालता आला असता.

“बरं, करा नोंद,” अखेर अक्का म्हणाल्या. “काय बदललं आणि का, एका ओळीत.”

सरांनी लिहिलं : ‘किरकोळ दुरुस्त्या’. बोट एंटरवर नेलं.

“चालेल ना त्याला?”

“त्याला काहीही चालतं.”

सरांचं बोट तिथंच राहिलं. दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून उन्हातून पुढे चाललेला कल्लाप्पा त्यांना दिसत होता. मागं वळून ओरडायचा, “सर, सावलीत बसा, मी सांगतो आकडा.”

त्यांनी ओळ पुसली.

“अक्का... हे नोंदवलंच नाही तर?”

“तर आधीचं परत आणता येतं. गिट रिस्टोअर.”

“नुसतं नाव आणता येईल? पायऱ्या राहू देत एक्केचाळीसच.”

“येतं तसंही. पण ते नवशिक्यांसाठी नाही.”

सरांनी खोल श्वास घेतला. एकेक अक्षर शोधून गिट रिस्टोअरची ओळ लिहिली आणि डोळे मिटून एंटर दाबलं. उघडून पाहिलं तर पडदा गप्प.

“झालं?”

“झालं.”

“काहीच म्हणालं नाही!”

“चुकला असता तर म्हणालं असतं.”

सरांनी फाइल उघडून पाहिली. दोन्ही नावं शेजारी शेजारी होती. पायऱ्या बेचाळीस होत्या. सरांना त्या आकड्याकडे बघवेना, पण छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं मात्र वाटलं. उत्साहानं त्यांनी बाह्या वर सारल्या.

“आता हे कल्लाप्पाला कळवायचं. त्याला कुठली कमांड?”

“राहतात कुठं ते?”

“माझ्या घरामागच्या गल्लीत.”

अक्कांनी लॅपटॉप मिटला.

“चप्पल घाला, सर.”